पाहुण्याच्या बैलाला जू नाही

दाजी, कालपर्यंत तुमचे बैल माझ्या गोठ्यात पाहुणे म्हणून उभे होते. होळी झाल्यावर तुम्ही स्वतः टेम्पोतून आणून बांधलेत आणि निघताना माझ्याकडे बोट रोखून म्हणालात, "मी येईपर्यंत यांच्या मानेवर जू ठेवायचं न्हाई, मास्तर." मी हसून हो म्हणालो. तुम्ही आला नाहीत, अक्काचा निरोप आला. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली म्हणालात आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं आटोपलं. आता तेरावंही होऊन गेलं. तुमच्याविषयी चांगलं बोलायला सारा गाव जमला होता. पण तुमच्याशी भांडणारा त्यात मी एकटाच, आणि तुम्ही आपलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलात. म्हणून हे लिहायला बसलोय.

भांडण तसं लग्नातच सुरू झालं होतं. आमचं धावडा अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेला, भोकरदनच्याही वर. तुमचं गाव तीर्थपुरीजवळ, गोदावरीच्या अंगाला. जिल्हा एकच, पण टोकं दोन. आमच्या वडिलांनी अक्काला तुमच्या घरी दिलं ते तुमच्या शिवारात आलेल्या कालव्याकडे बघून. लेकीनं डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढू नये, एवढीच त्यांची इच्छा. "मंग पोरगा कसा हाय ते कोणी बघितलं?" असं तुम्ही मला दर खेपेला विचारायचात. "आम्ही पाणी बघितलं, पोरगा त्याच्याबरोबर आला," असं मी सांगायचो. अक्का चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची.

जालना जिल्हा नवा झाला तेव्हा मला नुकतीच भोकरदनला भूगोलाच्या मास्तरची नोकरी लागली होती. दोन्हीचे मिळून पेढे घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही उसाला पाणी देत होता. मी बांधावर बसून व्याख्यानच सुरू केलं. आता औरंगाबादला खेटे घालायला नकोत, कचेऱ्या जवळ आल्या, आता मागासलेल्या भागाकडे कोणीतरी बघेल. तुम्ही खोऱ्यावर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेतलंत.

"कलेक्टर आला म्हणून धावड्याला कालवा चढंल का? पाणी उतारानं जातंय मास्तर, अन् पैसा पाण्याच्या मागं. तुमी वर, आमी खाली. यात सरकारचं काय काम?"

"मग कालवा काय देवानं खणला?"

"खणला सरकारनं, पण रान बघून खणला ना? तुमच्या डोंगरावर का न्हाई खणला?"

ते वाक्य पुढं वीस-बावीस वर्षं पुरलं. माझं म्हणणं, माणसाचं नशीब सरकार ठरवतं. रेघ कुठून ओढायची, रस्ता कुणाच्या दारावरून न्यायचा, हे सगळं कुठल्यातरी टेबलावर ठरतं. तुमचं म्हणणं, ते सगळं जमीन आधीच ठरवून बसलेली असते आणि सरकार नुसती सही करतं. तुम्ही औत धरलेलं असलं की मी बांधावर बसायचो. तुमची एक तऱ्हा होती. सरी संपून औत बांधाशी आलं की बैल थांबवायचात, चिमूटभर तंबाखू मळायचात आणि मागच्या सरीला अर्धवट राहिलेला मुद्दा पुढं न्यायचात. बोलणं झालं की बैल वळवायचे. पुढं पुढं बैलांनाही सवय झाली. बांधाशी आले की आपोआप थांबायचे आणि मास्तरचं ऐकल्यासारखे कान हलवायचे. जोड्या बदलल्या, पण तुमच्या प्रत्येक जोडीला ही खोड लागलीच. बाकीच्यांचं तासाभराचं काम तुमच्याकडं अर्धा दिवस चालायचं.

त्या वर्षांत पेपरात अनुशेषाचा शब्द रोज असायचा. पुण्यामुंबईकडं किती झालं, मराठवाड्याचं किती राहिलं, कोणाला किती द्यायचं. मी कात्रणं खिशात घालून यायचो. तुम्ही ती वाचली नाहीत कधी, पण एकदा म्हणालात, "मराठवाड्याचा अनुशेष राहू द्या. आधी धावड्याचा अन् आमचा काढा. तो तर एकाच ताटातला हाय." ताटात खरंच वाढलं होतं तेव्हा, तुमच्याकडचा गहू आणि आमच्याकडून मी आणलेली बाजरी. मी भाकरी मोडली आणि तुम्ही विजयी मुद्रेनं पोळी मोडलीत.

पुढं एका पावसाळ्यात आमच्याकडं आभाळ नुसतं येऊन बघून गेलं. संक्रांतीनंतर कडबा संपला. मी दोन्ही बैल घेऊन चालत निघालो. भोकरदन, जालना, अंबड, वाटेत पाहुण्यांकडं मुक्काम करत तुमच्या दारात आलो. तुम्ही आधी बैलांना पाणी दाखवलंत, मग माझ्याकडं वळलात. अक्का म्हणाली, "आधी माझ्या भावाला तरी इचारा." तर तुमचं उत्तर, "मेव्हण्याला तोंड हाय, त्यो मागून घेईल. ह्यांला बोलता येतंय का?"

माझे बैल उन्हाळाभर तुमच्याकडं राहिले. मी सुटीला आलो तर ओळखू येईनात, हिरवी वैरण खाऊन तुकतुकीत झाले होते. भुईमूग निघाला होता, नांगरट आली होती, आणि तुमच्या एका बैलाच्या खुरात काटा मोडून खूर पिकला होता. मी म्हणालो, माझी जोडी उभीच आहे, जुंपा. तुम्ही असं बघितलंत जणू मी काहीतरी अभद्र बोललो.

"पाव्हण्याला कोणी कामाला लावतंय का? पाव्हण्याच्या बैलाला जू न्हाई. आमच्या आज्यापासनं चालत आलंय हे."

"अहो दाजी, महिनोन्महिने तुमचं खाऊन राह्यलेत ते."

"खाऊ द्या की. खायालाच आले ना? दुष्काळानं आणलंय त्यांला, कामाला न्हाई आणलं."

आणि शेजाऱ्याची जोडी भाड्यानं आणून तुम्ही नांगरट केलीत. माझे बैल झाडाखाली बसून रवंथ करत ती बघत होते. मला तेव्हा तो निव्वळ अडाणीपणा वाटला. आज मी तुमच्या जागी उभा आहे, तेव्हा कळतं की तुम्ही बैलांची मान नाही, माझा मान राखत होता.

निघताना मी काही घ्या म्हणून मागं लागलो. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं पिकतं काय, मुरूम. मंग एक पोतं मुरूमच आणा." मी पण तुमचाच मेहुणा. पुढच्या खेपेला खरंच मुरमाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून आणलं. कंडक्टरनं पोत्याला हात लावून बघितला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. तुम्ही ते गोठ्याच्या दारात पसरलंत आणि आल्यागेल्याला दाखवत सुटलात, "सासुरवाडीचा आहेर हाय ह्यो." अक्कानं दोघांनाही शिव्या दिल्या.

तुमच्या एका गोष्टीवर मात्र मी गमतीनं नाही, खरोखर भांडायचो. कालव्याचं पाणी पाळीनं यायचं. पाळी आली की तुम्ही पाणी घ्यायचातच, रान मागो न मागो. वाफ्यात पाय बुडतोय, तरी दार उघडायचं. मी म्हणायचो, ही पाळी सोडा, काळी जमीन आहे, ती पाणी धरून बसते. "पाण्याला न्हाई म्हणू नये, मास्तर. रुसलं तर परत येत न्हाई." साऱ्या गावाचं तेच. लोक त्याला हाव म्हणतात, मी कधी म्हणालो नाही. बहात्तरच्या दुष्काळात ऐन विशीत तुम्ही खडी फोडायला गेला होतात. टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस दाराशी आलेल्या पाण्याला परत जा कसं म्हणेल? तुमच्या गावात तसं म्हणू शकेल असा माणूसच नव्हता. आणि त्याच काळ्या रानात, कालव्याच्या कडेला, तुम्ही मोसंबी लावलीत. काय बाग होती. बहार धरला की वास रस्त्यापर्यंत यायचा. मी तुमचा मेहुणा आहे हे तेव्हा एसटीत ओळख नसलेल्या लोकांनाही सांगायचो.

इकडं आमच्याकडं हळूहळू काहीतरी घडत होतं. रोजगार हमीवर झालेल्या पाझर तलावांमुळं खालच्या विहिरींना थोडं थोडं पाणी टिकायला लागलं. वीज आली, रस्ता बरा झाला. मग ठिबकच्या नळ्या आल्या, त्यांना अनुदान मिळायला लागलं. कोणीतरी हिरवी मिरची लावून बघितली, आणि दोन-चार वर्षांत धावड्याला संध्याकाळचा मिरचीचा बाजार भरायला लागला. परराज्याचे ट्रक गल्लीत वळताना अडकायचे. तुम्ही बघायला आलात. मिरचीच्या ढिगांमधून हात मागं बांधून फिरलात, एक मिरची मोडून हुंगलीत आणि विचारलंत, "ह्या मुरमात?"

मी फुशारून गेलो. म्हणालो, "जमीनच तशी आहे दाजी. मुरमाड, पाणी थांबत नाही, मुळं कुजत नाहीत. मिरचीला हेच मानवतं."

तुम्ही भर बाजारात हसायला लागलात. "आसं व्हय. अन् नळ्या काय देवानं आथरल्या?"

तुमच्या बागेत तोवर झाडं पिवळी पडायला लागली होती. आधी खालच्या अंगाची, मग मधली. रानात चालताना चपला मागंच राहायच्या. उन्हात जमिनीवर पांढरी साय धरायला लागली, जिभेला लावली तर खारट. त्या दिवाळीला मी भाऊबीजेला आलो तेव्हा तुम्ही जे बोललात ते ऐकून मला वाटलं मीच बोलतोय.

"सरकारनं पाणी आणून सोडलं, पण न्यायचं कोणी? मोरी न ठेवता न्हाणी बांधल्यावानी केलंय. चर काढाय पाह्यजे व्हते आधी. आता मी काढतो म्हणलं तर खालचा म्हणतो माझ्या रानातून न्हाई. अन् खालच्याचा खालचा त्याला तेच म्हणतो. हे काम एकट्यादुकट्याचं हाय का?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "काळी जमीन आहे दाजी, पाणी धरणारच."

अक्का ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ज्याचं पिकतं त्यो रानाचं नाव घेतो, ज्याचं बुडतं त्यो सरकारचं. हात पुढं कर." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. इतकी वर्षं भांडलो आणि कधी बाजू बदलल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ते सगळंच काही हसण्याचं पाणी नव्हतं, हे तुम्हालाही माहीत होतं.

त्याच दिवाळीपासून मी मागं लागलो. माझी नोकरी, शेत गड्यांवर, विहिरीजवळचा चांगला तुकडा. म्हणालो, बटईनं करा, अर्धं तुमचं, अर्धं माझं. तुम्ही औत धरा, मी बांधावर बसतो, पूर्वीसारखं. तुम्ही गोष्ट हसण्यावारी न्यायचात. "जावयानं सासुरवाडीला मानानं जायचं, पुरणाची पोळी खायची अन् तिसऱ्या दिवशी निघायचं. तिथं धोतर खोचून सऱ्या पाडल्यावर माझी काय इज्जत राहील? बिलकुल न्हाई." दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. एकदा अक्का पंगतीतून उठून गेली. "मान खाऊन पोट भरतं का?" एवढंच म्हणाली. तुम्ही खाली मान घालून जेवत राहिलात. त्या वर्षी तुम्ही बाग तोडलीत. मला कळवलंही नाहीत.

मला तुम्हाला एक सांगायचं होतं, ते कधी सांगता आलं नाही. मदत म्हणून नव्हतो हो मी बोलवत. मला तुमची सवय झाली होती. भूगोल शिकवून घरी यावं तर ज्याच्याशी तो भूगोल बोलावा तो माणूस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

आणि मग यंदा होळीनंतर तुम्ही न कळवता टेम्पो घेऊन दारात उभे. आत तुमची जोडी, मंठ्याच्या बाजारातून हौसेनं घेतलेली. "वैरणीचे हाल हायेत," म्हणालात. दोन बैलांपुरती वैरण तुमच्या बांधावर निघते हे मला माहीत नव्हतं का? पण मी खुंट्या ठोकल्या. मी आधी बैलांना पाणी दाखवलं, मग तुमच्याकडं वळलो. तुम्ही ओळखलंत. मिशीत हसलात.

दुपारी आपण विहिरीजवळच्या तुकड्यावर गेलो. तुम्ही खाली बसून मूठभर मुरूम उचलला आणि बोटांतून खाली सोडलात. "हाताला चिकटत न्हाई," म्हणालात. पुन्हा उचललात, पुन्हा सोडलात. मग माझ्याकडं न बघता बोललात, "बराबर झालो आता आपण, मास्तर. तुमी वर आले, आमी खाली गेलो. तुमच्या पेपरातला अनुशेष मिटला बघा एकदाचा."

मी म्हणालो, "अशी बरोबरी कोणी मागितली होती?" त्यापुढं जे बोलायचं होतं ते आता लिहितो. मला वाटायचं, माझं गाव हळूहळू चढत तुमच्या गावापाशी येईल आणि तुम्ही तिथंच उभे असाल, उसाचं कांडं मोडून माझ्या हातात देत. तुम्ही खाली उतराल आणि म्हणून आपण समोरासमोर येऊ, हे मी कुठल्याच नकाशात धरलं नव्हतं. वर्गात मुलांना सांगतो, अमुक भाग पुढारलेला, तमुक मागासलेला, हळूहळू फरक कमी होतो. फरक कमी झाला की कोणाच्या दारातलं झाड वाळलं हे पुस्तकात नसतं.

टेम्पोत चढताना तुम्ही बोट रोखून ते म्हणालात. आणि पुढचं वाक्य हळू, ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये असं, "लागवडीला येतो. मी आल्यावर जुंपू." जुंपू म्हणालात, दाजी. जुंपा नाही म्हणालात. इतक्या वर्षांचं उत्तर तुम्ही त्या एका शब्दात देऊन टाकलंत, आणि मी घरात कोणाला न सांगता तुकड्याचे दोन भाग आखले. विहिरीकडचा, उगवतीचा भाग तुमचा.

तुम्हाला न्यायचं तेव्हा वाट तुमच्या बागेच्या जागेतूनच गेली. बुंधे तसेच होते. पाय चिखलात रुतत होते, चैत्राचं ऊन डोक्यावर आणि खाली चिखल. गोठ्याच्या दारात मी आणलेला मुरूम तेवढा कोरडा होता. अक्का त्यावरच बसून होती.

रिवाजाप्रमाणं तेराव्यानंतर मी तिला माहेरी घेऊन आलो. लागवड तोंडावर आली होती. माझ्या अर्ध्या भागात सऱ्या पाडायला मी शेजारची जोडी भाड्यानं आणली. लोक म्हणाले, मास्तरचं डोकं फिरलं, दारात अशी देखणी जोडी उभी असताना भाडं कशाला भरतोय. त्यांना काय सांगणार? जोडी माझी नव्हती, पाहुण्याची होती, आणि पाहुणा यायचा होता. जोवर त्या मानांवर जू नाही तोवर तुम्ही वाटेत आहात, असं मी धरून चाललो होतो. शहाण्या माणसानं असं धरू नये, पण मी धरलं. उगवतीचा भाग तसाच पडून राहिला.

काल सकाळी अक्का गोठ्यात आली. इतके दिवस ती ओसरीवरून हलली नव्हती. बैलांनी तिला बघून मान वर केली. तिनं दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सरळ दावी सोडायला लागली.

"अक्का, ते सांगून गेल्ते, मी आल्यावर जुंपू म्हणून."

"मला बी सांगितलं व्हतं. रोज सांगायचे, झोपताना. धावड्याला चाललोय म्हणायचे, मास्तरच्या रानात. लाजत लाजत सांगायचे." ती थांबली. "ते न्हाई आले. मी आले ना? त्यांला सासुरवाडीची लाज व्हती. मला कशाची? मी काय पाव्हणी हाय का इथं? लेक हाय ह्या घरची. अर्धं रान मी करते. जुंप त्यांला."

मी जू उचललं. बैलांनी आपणहून माना खाली घातल्या.

उगवतीच्या कडेनं पहिली सरी पाडली. मी औत धरण्यात कच्चा, तुम्ही बघून हसला असता, सरी जरा वाकडीच गेली. अक्का बांधावर बसली होती, माझ्या जागेवर. सरी संपून औत बांधाशी आलं आणि बैल आपोआप थांबले. मी कासरा ओढला नव्हता, काही बोललो नव्हतो. ते थांबले, कान मागं वळवले आणि उभे राहिले. तुमचं बोलणं सुरू व्हायची वाट बघत होते ते, दाजी.

मी आसूड उचलला, तर अक्का म्हणाली, "थांबू दे त्यांला जरा."

मग आम्ही सगळेच थांबलो.